नाल्याकाठचे चार एकर आणि माझं अक्षर

१४ नोव्हेंबर २००५
कापसाचा दुसरा वेचा चालू. आई, मी आणि पाच बाया. अकराच्या सुमारास धुऱ्यावर, बांधापाशी, पांढरी गाडी थांबली. हमीदचाचांचा अकरम उतरला, बरोबर यवतमाळकडची दोन माणसं. एकाच्या हातात फीत. कालव्यासाठी सरकारने खुंट्या ठोकल्या आहेत तिथून ते थेट आमच्या पऱ्हाटीतून, उभ्या कपाशीतून मोजत निघाले. बोंडं तुटत होती. बाबा बैलांपाशी होते, धावत आले.
“काहून मोजून राह्यला बापा?”
“काका, वावर कोनाच्या नावानं हाय?”
“तुह्या अब्बानं मले देल्लं हाय, तुले मालूम नाई?”
“मंग कागद दाखवा ना.”
शेवंताबाई मागून म्हणाली, “तीन साल झाले वाहून राह्यले, अन् याले आता कागद पाह्यजे!” कुणी हसलं नाही. तिने पुन्हा ओटीत कापूस भरायला घेतला.
गाडी गेली. बाबा तिथेच उभे. माझ्या हातातला वेचलेला कापूस मातीत पडला.

१५ नोव्हें.
झालं ते जसं झालं तसं लिहून ठेवते. नंतर आठवणीत भर पडते.
२००३ चा गुढीपाडवा. आमच्या दोन एकरांना लागून हमीदचाचांचे चार एकर. चाचांचं फवारणीचे पंप आणि मोटारी दुरुस्तीचं दुकान, शेती त्यांना कधी जमली नाही. त्यांनी धाकट्या मुलीचं लग्न काढलं होतं. बाबांनी तेव्हाची बैलजोडी आणि आईची सोन्याची एकदाणी विकून पन्नास हजार विसार दिला. ठरले होते एक लाख वीस हजार. उरलेले खरेदीच्या दिवशी. खरेदीची तारीख ठरली नव्हती. चाचा म्हणाले, “खरेदी काय, कधीबी करू. कुठं पळून जाऊन राह्यलो मी?”
मग दोघं चारही धुरे फिरले. आमच्याकडे सौदा असाच होतो. विकणारा पुढे, घेणारा मागे, आणि शेवटच्या कोपऱ्यावर विकणारा वावरातलं ढेकूळ उचलून घेणाऱ्याच्या हातात देतो. नंतर गूळ. पोलीस पाटील हजर होते, त्यांनी दोघांच्या हातावर गूळ ठेवला. मी चहा घेऊन गेले होते, सगळं पाहिलं.
पाटील गेल्या पावसाळ्यात वारले. म्हणजे पाहणारी आता मी एकटी.

१९ नोव्हें.
यवतमाळला वकीलसाहेबांकडे (यापुढे व.सा.). दोन तास बाकावर. बाबांनी नवा सदरा घातला होता, घड्यांसकट.
व.सा. म्हणाले, तोंडी सौदाही कायद्याला मान्य आहे, फक्त शाबीत करणं आपल्यावर. बाबांचा चेहरा उजळला. मग ते पुढे बोलत गेले आणि तो विझत गेला. वावर आपल्या ताब्यात आहे त्याचा तेवढा आधार नाही. लेखी करार असता तर ताब्याला कायद्याची ढाल मिळाली असती. तोंडी सौद्याला ती नाही. तारीख ठरली नव्हती म्हणून नकार मिळाल्यापासून तीन वर्षांत दावा. आधी नोटीस. पेपरात जाहीर सूचना, म्हणजे घेणाऱ्याला “मला माहीत नव्हतं” म्हणता येणार नाही. मग दावा, आणि दाव्याबरोबर मनाई हुकुमाचा अर्ज, नाहीतर निकालाआधीच ते विकून मोकळे होतील.
मागण्या दोन. पहिली, खरेदी करून द्या. ती मिळालीच नाही तर विसार व्याजासकट परत.
बाबा म्हणाले, “दुसरी लिहू नका साहेब. पैसे मांगतले म्हनजे वावर सोडलं असं होते.”
“लिहिली नाही तर दोन्ही जातील.”
“मले पैसे नाई पाह्यजे.”
व.सा. माझ्याकडे पाहायला लागले. मी बाबांना बाहेर नेऊन समजावलं. समजावलं म्हणजे काय, मीच घाबरलेली होते. शेवटी ते म्हणाले, “बारीक अक्षरात लिहा म्हना त्यायले.”

२ डिसेंबर
नोटीस गेली. पेपरात सूचना आली, गट नंबरासकट, बाबांच्या नावासकट. माझ्या अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते. सरपंचांच्या सूनबाई पेपर घेऊन आल्या. “तुमचंच हाय का हे?” हो म्हटलं. आपलं नाव छापून येणं इतकं उघडं असतं हे माहीत नव्हतं.
संध्याकाळपर्यंत गावात दोन बाजू. आमच्या बौद्धवाड्यातले म्हणतात, बरं केलं. पण तेच हळूच विचारतात, “कागद कसा नाई केला बाप्पा? तू तं शिकलेली होती.”
हो, होते. वीस वर्षांची होते, बारावी झालेली. घरातली पहिली. मी म्हटलं होतं, बाबा, कागद करून घ्या. बाबा म्हणाले, “हमीदले कागद मांगू?” मी दुसऱ्यांदा म्हटलं नाही.

९ डिसें.
नोटिशीची पोचपावती आली. सही अकरमची.

११ डिसें.
फवारणी पंपाचा वायसर, म्हणजे वॉशर, बदलायचा म्हणून चाचांच्या दुकानात गेले. वायसर निमित्त. चाचा खाली मान घालून काम करत राहिले.
“चाचा, तुम्ही ढेकूळ दिलं होतं ना?”
“देल्लं व्हतं.”
“मग?”
“बेटा, लडका जवान हाय. त्याले यवतमाळले ग्यारेज टाकाचं हाय. कालवा येऊन राह्यला, तिप्पट भाव देऊन राह्यले लोक. मी काय करू?”
“कोर्टात हेच सांगाल?”
त्यांनी पाना खाली ठेवला. “कसम घेऊन झूट नाई बोलनार मी. अन् सच बोललो तं घरात राहाले जागा नाई.” वायसरचे पैसे घेतले नाहीत. मी ठेवून आले. त्यांनी परत माझ्या पिशवीत टाकले. शेवटी कुणाकडे राहिले ते पाहिलंच नाही.
लहानपणी त्यांच्या दुकानात बसून मी पाढे म्हणायचे. 

२८ डिसें.
उत्तर आलं. व.सा.नी फोनवर वाचून दाखवलं, एसटीडी बूथवर उभी राहून ऐकलं. सौदा झालाच नाही. पन्नास हजार हातउसने. वावर वर्षाच्या मक्त्याने दिलेलं, ते २००५ पासून. त्याआधी दोन वर्षं चाचा स्वतः कसत होते.
चाचा! ज्यांना तूर आणि बरबटी वेगळी सांगता येत नाही.
आणि पुरावा म्हणून खरेदी केंद्राच्या २००३ आणि २००४ च्या पावत्या, कापूस विकल्याच्या, चाचांच्या नावाने. “सोबत स्वयंघोषणापत्र” एवढं वाचून व.सा. थांबले. म्हणाले, हे काय आहे ते माहीत आहे का?
मी म्हटलं, पाहून सांगते. बूथवाल्याला पैसे द्यायलाच विसरले, त्याने हाक मारली.
माहीत आहे. पाहायची गरज नाही.

२९ डिसें.
सरकारी केंद्रावर सातबाऱ्यावर जेवढी जमीन तेवढाच कापूस घेत. आमचा सातबारा दोन एकरांचा, कापूस सहा एकरांचा. उरलेला व्यापाऱ्याला मातीमोल घालावा लागला असता. मग चाचांचा सातबारा लावला. चाचा स्वतः गाडीवर बसून आले, चेक त्यांच्या नावाने आला, त्यांनी तो वटवून सगळे पैसे बाबांच्या हातात ठेवले. दोन्ही वर्षी. गावात निम्मे लोक असंच करत होते.
पण अर्जासोबत घोषणापत्र लागायचं. “सदर कापूस मी स्वतः माझ्या शेतात पिकविला असून जमीन मी स्वतः कसतो.” ते मी लिहिलं. खाली चाचांची सही. आणि त्याखाली “लिहिणार” म्हणून माझं पूर्ण नाव.
कुणी सांगितलं नव्हतं. शाळेत बाईंनी शिकवलं होतं, दुसऱ्याचा अर्ज लिहिला की खाली आपलं नाव घालावं, लपून लिहू नये. गावातल्या प्रत्येक अर्जाखाली मी घालते. मला ते प्रामाणिकपणाचं वाटायचं.
आता चार एकर त्या नावाखाली अडकलेत. आणि बाबांना अजून माहीत नाही.

१ जानेवारी २००६
सांगितलं.
बाबा बराच वेळ बैलाच्या मानेवरचे गोचीड काढत होते. मग म्हणाले, “मीच म्हनलो होतो तुले, लिही म्हनून.”
“लिहिलं मी.”
“मी सांगतो कोर्टात का मीच लिवलं.”
“बाबा, तुम्हाला लिहिता येत नाही.”
“हव. हे बी हायच.”
आई आतून म्हणाली, “दोघंबी येडे हा.” मग तिघंही हसलो. महिन्याभरात पहिल्यांदा. हसू थांबल्यावर जास्त भीती वाटली.

१८ फेब्रुवारी
दावा दाखल. हुकूम आला : निकालापर्यंत जमीन कुणाला विकायची नाही, ताबा जैसे थे. व.सा. म्हणतात, अर्धी लढाई जिंकली. मला अर्धी लढाई म्हणजे काय ते कळत नाही. वावर अर्धं मिळत नाही.
पर्यवेक्षिका बाई आल्या होत्या तपासणीला. वजनाचं रजिस्टर पाहिलं, सगळं बरोबर. जाताना म्हणाल्या, “तुमचं काही कोर्टाचं ऐकलं. सरकारी कागदावर खोटं लिहिल्याचं?” चहा घेतला नाही.
खोट्या घोषणापत्राला शिक्षा किती, ते व.सा.ना विचारायचं धैर्य होत नाही. मानधन गेलं तर घरात रोख येणारं तेवढंच आहे.

१९ जून
पेरणी. तिफन घेऊन गेलो तर अकरम ट्रॅक्टरसह धुऱ्यावर. हुकुमाची नक्कल माझ्या कमरेला प्लास्टिकमध्ये. मी पुढे झाले. कागद नुसता पुढे केला.
त्याने वाचला. त्यालाही नीट वाचता येतं, माझ्या मागे दोन वर्षं होता शाळेत.
“वंदनादीदी, तुमाले वावर, अन् आमाले काय? अब्बाचे पंप आता कोन दुरुस्त करते? लोकं नवीन घेते.”
 ते खोटं नव्हतं.
पोलीस पाटलांचा मुलगा आता पाटील आहे, तो आला, म्हणाला, “दिवाणी बाब हाय, मी नाई पडत.” ट्रॅक्टर गेला. बाबांनी सरकी टाकली. मी दिवसभर रस्त्याकडे पाहत मागे चालले, पेरणीची दोन तासं सरळ आली नाहीत.

३ डिसेंबर
पऱ्हाटी लाल्या रोगाने गेली. एक वेचा, तोही थोडा. शेवंताबाई म्हणते, ज्या वावराचा कज्जा चालतो ते पिकत नाही. चूक आहे हे कळतं. बाजूचंही लाल झालंय, त्याचा कुणाशी कज्जा नाही. तरी ते वाक्य डोक्यातून जात नाही.

७ मार्च २००७
चाचांनी अकरमला मुखत्यारपत्र करून दिलं. साक्ष तोच देणार. व.सा. खूश : जे बापाने डोळ्यांनी पाहिलं ते मुलगा सांगू शकत नाही, आणि बाप पिंजऱ्यात आलाच नाही तर ते आपल्या बाजूने धरलं जाईल.
म्हणजे चाचा खरंच घरात बसून राहणार. ना खोटं, ना खरं. त्यांचा राग यायला हवा. मला हेवा वाटला.

१३ ऑगस्ट
माझ्या साक्षीचं शपथपत्र तयार. व.सा.च्या ऑफिसात बसून वाचलं. पाडव्याचं सगळं बरोबर : धुरे, ढेकूळ, गूळ, चाचांचे शब्द. मग सातवा परिच्छेद : “सदर घोषणापत्राबाबत मला काहीही आठवत नाही व त्यावरील हस्ताक्षर माझे असल्याचे मी सांगू शकत नाही.”
“हे काढा.”
“बाई, नीट ऐका. हस्ताक्षर तुमचं म्हटलंत की ते विचारणार, तेव्हा खोटं लिहिलं की आता खोटं बोलता? दोन्हीकडून तुम्हीच मराल. आठवत नाही म्हटलं की मामला संपला. कोण तपासायला पाठवतं?”
“मला आठवतं.”
“तुम्हाला जमीन पाहिजे का पुण्य?”
बाबा दाराबाहेरच्या बाकावर होते. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर सही केली असती.
व.सा.नी पेनाने सातवा परिच्छेद खोडला, इतका जोरात की मागचं पान फाटलं. नव्याने टाईप करावं लागलं.
बसमध्ये बाबांनी विचारलं, “काय खोडलं?” मी सांगितलं. ते उतरेपर्यंत खिडकीबाहेर पाहत होते.

१४ ऑग.
बाबा सकाळपासून बोललेले नाहीत. रागावले की नाही, कळत नाही. वावरात गेले, निंदण करून आले, जेवले. आईने विचारलं, तिखट झालं का? “नाई.” एवढंच.
मी कोण आहे चार एकर पणाला लावणारी? सहा हात राबले त्यात, माझे सगळ्यात कमी. एकदाणी आईची होती. पुन्हा जाऊन सांगावं का, घाला तो परिच्छेद?

१५ ऑग.
झेंडावंदन. पोरांना चॉकलेट. गेले नाही व.सा.कडे.

१९ सप्टेंबर
आज उलटतपासणी. घडलं तसं लिहिते.
शपथ घेतली, शिपायाने पाणी दिलं. समोरचे वकील म्हातारे, आवाज गोड. आधी शिक्षण, वय, अंगणवाडी. गावातले अर्ज तुम्हीच लिहिता ना? हो. हिशेबी, नीटनेटकं काम आहे तुमचं, असं गावात म्हणतात.  मग घोषणापत्र हातात दिलं. कागद पिवळा झालाय.
“अक्षर कुणाचं?”
“माझं.”
आमचे व.सा. खाली पाहून टाचणी काढ-घाल करत होते.
“जमीन हमीदभाई स्वतः कसतात, असं लिहिलंय. खरं की खोटं?”
“खोटं.”
“म्हणजे सरकारला खोटं लिहून दिलंत.”
“हो. कापूस आमचा होता. सातबारा त्यांचा लावावा लागला.”
अकरम मागच्या बाकावर. तो माझ्याकडे पाहत होता, आणि आश्चर्य माझ्यापेक्षा त्यालाच जास्त वाटलेलं दिसलं.
म्हातारे वकील जवळ आले. अगदी हळू, घरातल्या माणसासारखं म्हणाले, “बाई, तेव्हा गरज होती म्हणून खोटं लिहिलंत. आज तर गरज त्याहून मोठी आहे. मग आज खरं बोलता, हे कोर्टाने कशावरून मानायचं?”
मी कागदाखालचं माझं नाव पुन्हा वाचलं. 
न्यायाधीश साहेबांनी घड्याळ पाहिलं. वेळ संपली, उरलेली उलटतपासणी पुढच्या तारखेला. मला म्हणाले, तोपर्यंत साक्षीबद्दल कुणाशी बोलायचं नाही, वकिलांशीही नाही. पुढे त्यांची रजा आहे. तारीख १० ऑक्टोबर.

२३ सप्टें.
दहा तारखेपर्यंत तो प्रश्न घेऊन राहायचं आहे.
शपथ घेतली म्हणून? चाचाही शपथेला घाबरतात म्हणून घरात बसलेत. मी त्यांच्याहून काय जास्त?
खोटं बोलायचं असतं तर अक्षर माझं नाही म्हटलं असतं, असं सांगावं? पण तेही एक वकिली वाक्यच. आणि सातव्या परिच्छेदाचं कोर्टाला कसं सांगायचं? सांगायचं की नाही?
पोरांची वजनं घेताना एकाचं दोनदा घेतलं.

१ ऑक्टोबर
पर्यवेक्षिकांचं पत्र. “आपल्याविरुद्धच्या चर्चेबाबत लेखी खुलासा करावा.” खुलासा लिहायला बसले. खुलाशात साक्षीबद्दल लिहिलं तर ते बोलणं होतं का? कुणाला विचारणार? व.सा.शी बोलायचं नाही. कोरा कागद ठेवून दिला.
चाचा आजारी आहेत म्हणतात. आईने आमच्या दोन एकरांतल्या नव्या मुगाची डाळ पाठवली. त्यांच्याकडून ताट रिकामं आलं नाही, सांजा होता. आईने मला वाढला, बाबांना वाढला. सगळ्यांनी खाल्ला.

९ ऑक्टो.
उद्या. साडी इस्त्री केली. बसचे सुटे काढले. तेच तेच करत होते.
बैलांचं पाणी लोखंडी पाटीत ओतत होते तेव्हा बाबा मागे येऊन उभे राहिले. ऑगस्टपासून नीट बोलणं असं नाहीच. 
“उद्या तू काय सांगशीन?”
“बाबा, विचारू नका. साहेबांनी सांगितलंय.”
“नाई विचारत.” मग, “दुसरं विचारतो. ते चालते का?”
“काय?”
“मागच्या खेपेले मी आत बसलो व्हतो, तुह्या समोरच. तुले भेव वाटत असन तं उद्या मी बाहेर बसतो, झाडाखाली. तुले मोकळं बोलता येईन. वावर गेलं तं मले मंग मालूम पडनच.” त्यांनी पाटी उचलून बैलापुढे सरकवली. “तू सांग, आत बसू का बाहेर?”
भीती तर वाटतेच. त्या वकिलांच्या प्रश्नाला उत्तर अजूनही नाही.
म्हटलं, “आत बसा.”